मिक्स ऐकवणं आणि ऐकणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी लॅपटॉपवर मिक्सिंग (वेगवेगळी मुद्रित केलेली वाद्यं आणि आवाज यांचा तोल लावून एक गाणं करणं) करणारे आम्ही सहा-सात जण महिन्यातल्या एका रविवारी दुपारनंतर माझ्या खोलीत जमतो. कोणी भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग आणतो, कोणी स्वतःचं गाणं, आणि एक-दोघं तरी वरातीसाठी बांधलेला रिमिक्स घेऊन येतात. रविवार दुपार अशासाठी, की खालची पिठाची गिरणी तेव्हा बंद असते. गिरणी चालू असताना केलेल्या माझ्या सुरुवातीच्या सगळ्या मिक्समध्ये बेस वाजवीपेक्षा जास्त आहे. मोटारीच्या घरघरीखाली तो मला ऐकूच येत नव्हता, म्हणून मी वाढवत गेलो. सहा महिने हे कोणी सांगितलं नाही. नवीन येणाऱ्या प्रत्येकाचे प्रश्न साधारण ठरलेले असतात, ते इथे एकत्र लिहिले आहेत.

गाणं पूर्ण झाल्यावर ऐकवू की अर्धवट असताना?

अर्ध्याहून जास्त झालं की लगेच. पूर्ण झालेल्या गाण्यावर कोणी म्हणालं, "अंतऱ्यात ढोलकी फार पुढे आलीय," तर पोटात गोळा येतो, कारण तोवर त्या ढोलकीवर तीन रात्री गेलेल्या असतात. मग आपण ऐकत नाही, वाद घालतो. उलट नुसता ठेका आणि चार ओळी एवढ्यावर आणलं, तर लोक मिक्सवर न बोलता "पुढे बासरी टाक ना" असं बोलतात. सगळी वाद्यं आलीत, फेडर (प्रत्येकाचा आवाज लहान-मोठा करायच्या सरकपट्ट्या) साधारण जागेवर आहेत, पण अजून जीव जडलेला नाही, ही ऐकवायची खरी वेळ.

सगळे "भारी झालंय" म्हणतात. खरं काय ते कसं काढायचं?

"कसं वाटलं?" या प्रश्नाला आपल्याकडे दोनच उत्तरं मिळतात, "भारी" आणि "बरंय". दुसरं आलं की काय ते समजायचं. दोष ऐकणाऱ्याचा नाही, प्रश्नाचा आहे. "पहिल्या कडव्यातले शब्द कळतात का?", "१:१२ ला ठेका बदलतो तिथे दचकायला होतं का?", "बासरी आवाजावर चढते का?" असं विचारलं तर संगीतातलं काही न कळणारा माणूससुद्धा नेमकं बोलतो.

त्याहून चांगलं म्हणजे प्रश्न न विचारता काम द्यावं. शेजारच्या मुलीनं गायलेलं पावसाचं एक गाणं मी मिक्स करत होतो. मला शब्दन् शब्द स्वच्छ ऐकू येत होता; येणारच, शब्द मला पाठ होते. आईला वही-पेन दिलं आणि सांगितलं, ऐकू येईल ते लिही. तिनं "पाऊस दारी आला" च्या जागी "पाऊल दारी आलं" लिहिलं आणि वर विचारलं, "लक्ष्मीचं गाणं आहे का रे?" ‘स’ टोचतो म्हणून मी डी-एसर (‘स’ सारखे फूत्कार दाबणारं साधन) इतका आवळला होता की ‘स’ पार विरघळून गेला होता. त्या दिवसापासून प्रत्येक गाण्याची एक ओळ गाणं न ऐकलेल्या माणसाकडून लिहून घेतो.

आणखी एक युक्ती. ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे पाहू नका, पायाकडे बघा. ठेका धरलेला पाय ज्या सेकंदाला थांबतो तो टिपून ठेवा. तिथे काहीतरी बिघडलेलं असतं, मग तो तोंडानं काहीही म्हणो.

फाईल कशी पाठवायची?

शक्यतो २४ बिटची वेव्ह फाईल, नाहीतर ३२० केबीपीएसची एमपी३. व्हॉट्सॲपवर ऑडिओ किंवा व्हॉइस नोट म्हणून नको, तीच फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे जशीच्या तशी पोचते. ड्राइव्हवर ठेवली असेल तर ऐकणाऱ्याला डाउनलोड करून ऐकायला सांगा. मास्टरवर (सगळे आवाज एकत्र होतात तिथे) लिमिटर, म्हणजे आवाजाची उंच टोकं दाबणारं साधन, लावलेला असेल तर तो काढून पाठवा, लिमिटरखाली निम्मे दोष झाकले जातात. नाव "फायनल" नको. गाण्याचं नाव आणि पुढे आकडा, ०१, ०२ असं. मागच्या महिन्यातलं ०४ बरं होतं की आजचं ०७, हे कधीतरी विचारावंच लागतं.

माझा मिक्स बाजारातल्या गाण्यापुढे मिळमिळीत का वाटतो?

बहुतेक वेळा त्याचा फक्त आवाज लहान असतो. ही गोष्ट पटायला सगळ्यांनाच वेळ लागतो, म्हणून नवीन माणसावर आम्ही एक प्रयोग करतो. एकाच गाण्याच्या दोन प्रती, दुसरी फक्त दीड डेसिबलनं मोठी. ऐकवायच्या आणि विचारायचं, कुठला मिक्स चांगला? मोठी प्रत "जास्त मोठी" असं कोणी म्हणत नाही. "हिच्यात आवाज मोकळा आहे", "बेस भरीव आहे", "रिव्हर्ब (घुमारा) छान आहे" असं म्हणतात. आजवर एकच जण "दोन्ही सारख्याच आहेत" म्हणाला. तो तबलजी होता.

कानाची जातच अशी आहे. हळू आवाजात खर्ज आणि टीप दोन्ही आपल्याला कमी ऐकू येतात, मधला भागच तेवढा उरतो. फ्लेचर आणि मन्सन या दोन संशोधकांनी १९३३ मध्ये याचे आलेख मांडले, ते आजही शिकवले जातात. त्यामुळे आवाजाची पातळी सारखी केल्याशिवाय दोन मिक्सची तुलना करायची नाही, हा आमच्याकडचा एकमेव कडक नियम. बाजारातलं गाणं खाली आणायचं, आपलं वर न्यायचं नाही.

लिमिटर पिळून आपलं गाणं मोठं करण्यात तसाही फारसा अर्थ उरलेला नाही. स्पॉटिफाय गाणी साधारण उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) या पातळीवर आणून वाजवतं, ॲपल म्युझिकचं साउंड चेक उणे १६ वर. तुम्ही उणे ७ चं विटकरीसारखं सपाट गाणं दिलंत तर ते खाली ओढलं जातं, आणि ढोलकीची थाप गेलेली असते ती परत येत नाही. वरातीच्या सिस्टीमवर ही सोय नाही हे खरं. पण तिथे ऑपरेटरचा हात फेडरवर असतोच, त्याला तुमच्या लिमिटरची गरज नाही.

दुसऱ्याच्या मिक्सवर अभिप्राय देताना सुरुवात कुठून करू?

वेळेपासून. मिनिट आणि सेकंद न सांगता दिलेला अभिप्राय म्हणजे पत्ता नसलेलं पत्र.

हा एका मिक्सवर आलेला अभिप्राय: "व्होकल बसलं नाही. कॉम्प्रेशन वाढव."

आणि त्याच मिक्सवर दुसऱ्याचा: "०:४८ ते १:०५. पहिली ओळ नीट कळते, दुसऱ्या ओळीचा शेवटचा शब्द हार्मोनियमखाली जातो. २:१० ला हार्मोनियम नाही, तिथे तोच आवाज पुरेसा मोठा वाटला. इअरफोनवर ऐकलं, एकदाच."

पहिला वाचून करणाऱ्यानं कॉम्प्रेसर (लहान-मोठ्या आवाजातला फरक कमी करणारं साधन) आवळला असता, आवाज सपाट झाला असता आणि शब्द तरीही गेलाच असता. दुसऱ्यानं कुठलंही बटण सांगितलेलं नाही. पण २:१० ला तोच आवाज पुरेसा आहे, या एका वाक्यात निदान आहे: आवाज लहान नाही, हार्मोनियम त्याच्या जागेत बसलीय. हार्मोनियमचा मधला पट्टा थोडा कापला, ती जरा डावीकडे सरकवली, काम झालं. आणि "इअरफोनवर, एकदाच" हेही महत्त्वाचं, कारण त्यावरून मताला किती वजन द्यायचं ते ठरतं.

थोडक्यात, काय ऐकू आलं ते सांगा. काय फिरवायचं ते ज्याच्यासमोर प्रोजेक्ट उघडलेलं आहे त्याला ठरवू द्या. "तीन किलोहर्ट्झला दोन डेसिबल काप" असं सांगणारा माणूस बऱ्याचदा स्वतःच्या हेडफोनचा दोष दुसऱ्याच्या गाण्यातून कापायला सांगत असतो. मी स्वतः हे दोन वर्षं केलं.

मला तांत्रिक शब्द येत नाहीत. मी बोलू का?

बोला. आपले शब्द पुरेसे आहेत, आणि करणाऱ्याला ते कळायला हवेत. "घुमतंय" म्हटलं की मी साधारण १०० हर्ट्झच्या आसपास बघतो. "चोंदलंय", "कांबळं पांघरून गातोय" म्हटलं की २०० ते ४०० मध्ये. "डब्यातून येतंय" म्हटलं की त्याच्या थोडं वर, ५०० च्या आजूबाजूला. "टोचतंय", "कानात बोट घालावंसं वाटतं" हे अडीच ते चार हजारांच्या पट्ट्यातलं दुखणं. ताशा, हलगी आणि चढ्या पट्टीतली गायिका एकदम आल्या की हमखास. "फाटतोय" वेगळं, तिथे ईक्यू (एखादा पट्टा कमी-जास्त करणं) नाही, कुठेतरी मीटर लाल झालाय.

"पंच नाही", "वाइब येत नाही", "जरा प्रोफेशनल कर" हे मात्र कुणाच्याच कामाचं नाही. यातून काय करायचं ते सांगणाऱ्यालाही माहीत नसतं.

चांगलंही सांगायला हवं का? की नुसत्या चुका?

सांगायला हवं, आणि तितकंच नेमकं. कारण शिष्टाचार नाही. "१:४० ला तंबोरा फार सुंदर पसरलाय" हे सांगितलं नाही, तर पुढच्या वेळी बाकीच्या दुरुस्त्या करताना तोच तंबोरा पहिला बिघडतो. काय हलवायचं नाही हेही कळावं लागतं. आधी दोन गोड वाक्यं, मग टीका, शेवटी परत गोड, हा साचा आम्ही सोडून दिला. पहिलं गोड वाक्य आलं की समोरचा "पण" ची वाट बघत बसतो.

हेडफोनवर मस्त वाटतं, वरातीत मात्र चिखल होतो. का?

हे माझ्याच बाबतीत झालं. एका मित्राच्या हळदीसाठी रिमिक्स केला, हेडफोनवर किक (ठेक्यातला जाड, खालचा ठोका) छातीत बसत होती. मंडपात बेसच्या पेट्यांवर लावला तर पहिल्या मिनिटात नुसती एक लांबलचक घरघर, आणि रुंद पसरवलेला कोरस जवळजवळ गायबच.

घरघरीचं कारण असं, की हेडफोनला ४०-५० हर्ट्झचा शेपटा नीट ऐकवता येत नव्हता, मी तो वाढवून ठेवला होता. मोठ्या पेट्यांनी तो इमानदारीत वाजवला. किकची शेपटी, बेसची ओळ आणि ढोलकीची डावीकडची खर्जाची बाजू, तिन्ही एकाच जागेत बसली होती. एकानं जागा सोडायला हवी होती. किक वाजते त्या क्षणी बेस दाबला, ढोलकीचा ८० च्या खालचा भाग कापला, तेव्हा कुठे ठोका सुटा झाला.

कोरस गेला कारण बरीच सिस्टीम मोनोवर चालते. डावी-उजवी बाजू एकत्र केली की कृत्रिमरीत्या रुंद केलेले आवाज एकमेकांना खाऊन टाकतात. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये मास्टरवर मोनोचं बटण असतं, ते दाबून एकदा पूर्ण गाणं ऐकायचं. फुकटची तपासणी आहे.

मोबाईलवर नेमकं उलटं. त्याचा स्पीकर २०० हर्ट्झच्या खालचं फारसं वाजवूच शकत नाही. बेसला थोडं सॅच्युरेशन दिलं, म्हणजे तो मुद्दाम किंचित फाटवला, की वरच्या पट्टीतले त्याचे अंश तयार होतात आणि कान खालचा सूर स्वतःच भरून घेतो. मोठ्या स्टुडिओंतही छोटे, कुरूप स्पीकर ठेवण्याची रीत जुनी आहे. यामाहाचा एनएस-१० हा १९७८ मध्ये घरगुती स्पीकर म्हणून आला आणि पुढे जगभरच्या कंट्रोल रूममध्ये जाऊन बसला, तो गोड वाजतो म्हणून नव्हे.

तेव्हा मत मागताना विचारा, कशावर ऐकलं? आणि निदान एक मत रिक्षातल्या किंवा गाडीतल्या स्पीकरवरचं घ्या.

"मूळ गाणं आणि तुझा ठेका भांडतात" असं सांगतात. सॉफ्टवेअरमधली ठोक्यांची ग्रिड तर अचूक आहे!

म्हणूनच भांडतात. जुनं गाणं सगळे वादक एकत्र बसून, मेट्रोनोम कानात न घेता वाजवत. मुखड्यात लय समजा १०२, दुसऱ्या अंतऱ्यात जरा चढून १०५. सॉफ्टवेअर सरासरी काढून १०३.५ सांगतं, तुमची किक त्या सरळ रेषेवर बसते, आणि दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत प्रत्येक थाप दोनदा ऐकू येते, ‘ठक’ ऐवजी ‘ठटक’. अभिप्राय देणारा म्हणतो "ढोलकी घाण वाजलीय". ढोलकी उत्तम असते.

दोन वाटा आहेत. दर समेवर खूण करून मूळ गाणं तेवढं ताणून ग्रिडवर आणायचं. प्रत्येक मात्रेवर खुणा केल्यात तर गाण्यातला झोका जातो. किंवा प्रोजेक्टची लय गाण्याच्या मागे चालवायची. मला दुसरी वाट आवडते, डीजे मित्रांना पहिली, कारण त्यांना पुढचं गाणं जोडायचं असतं. आणि मूळ ठेका दादऱ्याचा, सहा मात्रांचा असेल तर त्याखाली चार ठोक्यांची सरळ किक घालण्याआधी दोनदा विचार करा.

दुसरं भांडण सुराचं. ध्वनिमुद्रणाच्या टेपची गती पुढे-मागे झाली की गाणं धड काळी एक नाही, धड पांढरी दोन नाही, मध्येच कुठेतरी बसतं. दोन पट्ट्यांमधलं अंतर १०० सेंट धरलं, तर २५-३० सेंटचा फरक पेटीवाल्याला लगेच खुपतो, बाकीच्यांना फक्त "काहीतरी आंबट लागतंय" असं वाटतं. बेस आणि सिंथ गाण्याला लावा, गायकाला सिंथला नको.

सॉफ्टवेअरनं वेगळा काढलेला आवाज, मग तो स्प्लीटरनं काढा की डेमक्सनं, झांज-टाळ असलेल्या जागी पाण्याखालून आल्यासारखा होतो. तो उघडा ठेवू नका. ब्रेकमध्ये एकट्या आवाजाचा मोह सगळ्यांना होतो, आणि नेमका तिथेच तो उघडा पडतो.

‘स’ आणि ‘च’ टोचतात, कमी केले तर गायिका बोबडी वाटते.

मराठीत दोन ‘च’ आहेत हे डी-एसरला माहीत नसतं. "चांदणं" मधला दंत्य ‘च’ जवळजवळ ‘त्स’ आहे, त्याचा फूत्कार वरच्या पट्ट्यात, ‘स’ च्या शेजारी. "चंद्र" मधला तालव्य ‘च’ बराच खाली. ‘स’ वर बेतलेला डी-एसर चांदणं दाबतो आणि चंद्र सोडून देतो; दोन्ही एका ओळीत आले की गायिकेचा दात पडल्यासारखं वाटतं. शंभर शब्दांचं गाणं असतं, टोचणारी अक्षरं दहा-पंधरा. ती हातानं, फेडरच्या रेघेनं खाली घ्या. अर्धा तास लागतो.

दोघांनी उलट सांगितलं तर कोणाचं ऐकायचं?

जागा दोघांचीही बरोबर धरा, उपाय दोघांचाही बाजूला ठेवा. एक म्हणतो बासरी वाढव, दुसरा म्हणतो बासरी काढ. म्हणजे बासरीच्या जागी काहीतरी खटकतंय एवढं नक्की. आमच्याकडे एकदा असंच झालं, आणि शेवटी बदलला तो बासरीचा रिव्हर्ब.

तिघांनी एकच सेकंद सांगितला तर मात्र वाद घालू नका, तुम्हाला कितीही आवडत असलं तरी.

टीका ऐकून वाईट वाटतं.

वाटतं. त्या दिवशी प्रोजेक्ट उघडू नका. लिहून घ्या आणि दोन दिवसांनी वाचा. ऐकताना "अरे ते मुद्दाम केलंय" हे वाक्य गिळा; मुद्दाम केलेलं असूनही ते चूक वाटलं, हीच तर माहिती आहे.

रिमिक्स यूट्यूबवर टाकला तर चालेल का?

मी वकील नाही, पण एवढं माहीत असावं. गाण्यात हक्क एकाहून जास्त असतात: शब्द आणि चाल यांचे वेगळे, त्या ध्वनिमुद्रणाचा वेगळा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, तर गीत-संगीताचा हक्क रचणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणजे १९५५ ची तबकडी मोकळी झाली असली तरी तिच्यातली चाल मोकळी असेलच असं नाही. २०१२ च्या दुरुस्तीनं पाच वर्षांनंतर ठरावीक मोबदला भरून स्वतःच्या आवाजात नवं ध्वनिमुद्रण करण्याची वाट ठेवली आहे; मूळ मुद्रण कापून केलेला रिमिक्स त्यात बसत नाही, त्याला मालकाची परवानगी लागते. सरावासाठी केंब्रिज म्युझिक टेक्नॉलॉजीच्या संकेतस्थळावर शेकडो गाण्यांचे सुटे ट्रॅक फुकट मिळतात. नाहीतर गावातल्या भजनी मंडळाला विचारा, ते आनंदानं गातील आणि वर चहा पाजतील.

रिमिक्समध्ये माझ्या नावाची आरोळी किती वेळा टाकू?

सुरुवातीला एकदा. एका रिमिक्समध्ये आम्ही मोजल्या होत्या, चार मिनिटांत अकरा, त्यातली आठवी बरोबर गायिकेच्या तानेवर. बनवणारा समोरच बसला होता. इतक्या कशाला रे, असं विचारलं तर म्हणाला, "गाणं कोणी चोरू नये म्हणून."